गोदावरीच्या मुखाशी पक्षी बघायला गेले आणि नुसतं पाणी बघून आले

गोदेकाठी:
माझं माहेर निफाड तालुक्यातलं. त्यामुळे पक्षी बघणं म्हणजे नांदूर मध्यमेश्वर, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. थंडीत पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर जाऊन बसायचं, धुकं विरलं की तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, कमळपक्षी, वारकरी, जे समोर येईल ते मोजायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. पक्ष्यांची वेळ म्हणजे उजाडतानाची, याबद्दल मला कधी शंकाच आली नव्हती.

आमच्या दारावरून जाणारं पाणी शेवटी कुठं जातं ते एकदा बघायचं होतं. त्र्यंबकला उगवलेली गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. या जानेवारीत योग आला आणि काकीनाड्याजवळचं कोरिंगा अभयारण्य गाठलं. १९७८ पासूनचं अभयारण्य, साधारण २३५ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी, खाड्या आणि चिखल.

जायचा दिवस ठरवताना मी भलतीच हुशारी केली. माझं आजोळ गुहागरकडचं. आजोबा म्हणायचे, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. मी जाणार होते तो दिवस संकष्टीचा. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला पूर्ण ओहोटी. चिखल उघडा, पक्षी चरायला उतरलेले, ऊन कोवळं. आठला धक्क्यावर हजर.

नऊला चिखलाची हातभर पट्टी दिसत होती. म्हटलं, अजून ओसरेल. दहाला पट्टी निम्मी झाली. अकराला तिवरांची ती पेन्सिलीसारखी वर आलेली मुळंसुद्धा बुडाली. नावाडीकाकांना तेलुगूखेरीज काही येत नव्हतं आणि मला तेलुगूचा गंध नाही. ते सारखे एका तिवराच्या बुंध्याकडे बोट करून "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत होते. बुंध्यावर गुडघ्याच्या उंचीवर एक ओलसर काळी रेघ होती, खाली गाळाचा लेप, वर कोरडी साल. मी आपली हसून मान डोलावत होते. पावणेबाराला पाणी बरोबर त्या रेघेला जाऊन टेकलं, तेव्हा कळलं ते बिचारे दोन तास काय सांगत होते.

दिसलं ते असं: ब्राह्मणी घारी पाच. काळ्या टोपीचा खंड्या एक, त्याच्या पाठीचा तो जांभळट निळा रंग मी जन्मात विसरणार नाही. राखी बगळे, वंचक. एक समुद्री गरुड. आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा पाण्याबाहेर उरला होता, त्यावर खच्चून बसलेले शे-दीडशे करडे पक्षी, सगळे चोच पाठीत खुपसून झोपलेले. चिखल्या असावेत. फोटो काढलाय, पण त्याला फोटो म्हणवत नाही.

दीडची गाडी होती, परत फिरले. आता सांगा, आजोबांचं गणित कुठं चुकलं?

नाशिकचा_शेकाट्या:
संकष्टीला तुम्हालाही उपास घडला म्हणायचा. वाचतोय, जाणकार येतीलच.

नवखी:
काळ्या टोपीच्या खंड्याचा तरी फोटो टाका की!

खाजणवाला:
आजोबा बरोबर आहेत, पण कोकणापुरते. ठाण्याच्या खाडीवर मी अजूनही घड्याळाच्या आधी पंचांग बघतो. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, म्हणून ती पाऊणकी. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईकडे बाराच्या सुमारास पाणी भरतं, तिथून मोजत जायचं. पण चंद्र माथ्यावर आल्यावर पाणी भरायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक बंदराचं वेगळं. समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार, खाडीचं तोंड, सगळ्यावर ते ठरतं. तुमची तीनची भरती पावणेबाराला आली, म्हणजे तीनेक तासांचा फरक. त्या किनाऱ्यावर पंचांग वापरायचं तर मोजणी बाराऐवजी पावणेनऊपासून धरा. किंवा सरळ त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक उघडा. आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी आणखी उशिरा पोचतं, तेही धरून चाला.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. तिकडे दीडेक मीटर. म्हणून तुमची ती रेघ गुडघ्याएवढी. पण त्रिभुज प्रदेश तव्यासारखा सपाट असतो. वीतभर पाणी उतरलं की कुठल्या कुठे चिखल उघडा पडतो आणि वीतभर चढलं की सगळं गायब. नांदूरला पाण्याची पातळी धरणाचे दरवाजे ठरवतात, म्हणून तिथे सूर्य बघून चालतं. इथे किनारपक्षी सूर्याकडे ढुंकून बघत नाहीत. ओहोटी रात्री दोनला असेल तर रात्री दोनला चरतात.

गोदेकाठी:
रात्री दोनला?! दिसतं कसं त्यांना?

खाजणवाला:
चिखल्यांचे डोळे मोठे असतात, ते अंधारातही बघून टिपतात. कोरल, पाणटिवळे, टिलवे यांचं काम चोचीवर. चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, चिखलातला किडा वळवळला की समजतो.

रिकामा_कॅमेरा:
माझं मत थोडं वेगळं. भरतीलाच खरी मजा. अख्खा थवा एका दांड्यावर गोळा झालेला असतो. नाव हळूच जवळ न्यायची, वीस-पंचवीस मीटरवर आलो की सगळे एकदम उठतात. हजार पंखांचं ते वळण एकदा कॅमेऱ्यात मिळालं की बास.

खाजणवाला:
तेवढं कृपा करून करू नका. भरतीला ते दांड्यावर बसतात कारण बसायला दुसरी जागा उरलेली नसते. तुम्ही उठवलंत की घिरट्या घालून तिथेच परत येतात, तेवढ्यात दुसरी नाव येते, मग तिसरी. हे पक्षी मार्च-एप्रिलपासून सैबेरिया, तिबेट, मंगोलियाकडे निघणार. काही जाती निघण्याआधी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात. तुमच्या प्रत्येक वळणाचं पेट्रोल त्यातून जातं.

रिकामा_कॅमेरा:
एका नावेने सैबेरिया चुकत नाही हो. कोळ्यांच्या नावा दिवसभर जातातच.

निवटी:
रिकामाशेठ, कोळ्याची नाव सरळ रेषेत निघून जाते, पक्ष्यांना ती माहिती असते. थेट त्यांच्यावर चालून येते ती आपली. फरक त्यांना कळतो. मी मालगुंडजवळच्या वाळूवर बघितलंय, जाळं ओढणाऱ्या माणसापासून दहा पावलांवर कुरव निवांत बसतात आणि कॅमेरावाला पन्नास पावलांवर आला की सगळे पसार.

पेट्रोलचा हिशोब कळायला एक उदाहरण देतो. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अलास्काहून निघालं ते अकरा दिवस कुठेही न थांबता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरलं. जेमतेम पाच महिन्यांचं. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. तो प्रवास म्हणजे चिखलात खाल्लेलं अन्न, बाकी काही नाही.

रिकामा_कॅमेरा:
बरं बाबा, मागे घेतो. पण मग फोटो काढायचा कसा ते तरी सांगा.

खाजणवाला:
पाणी चढायला लागायच्या अर्धा तास आधी जागा धरून बसा. पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलतं. तुम्ही हलायचं नाही.

दुर्बीणकाका:
उशिरा येतोय, नातवाची परीक्षा होती.
गोदेकाठी, तुझ्या समुद्री गरुडाबद्दल जरा विचारतो. घारीएवढा की घारीपेक्षा चांगलाच मोठा? उडताना पंख कसे होते? चेहऱ्यावर काही खूण?

गोदेकाठी:
काका, घारीपेक्षा थोडाच मोठा. पोट पांढरं. पंख मध्येच मोडल्यासारखे वाटत होते. डोळ्यावरून काळपट पट्टा होता बहुतेक. एकदा पाय पुढे करून धप्पकन पाण्यात पडला आणि मासा घेऊन उठला.

दुर्बीणकाका:
मग ती मोरघार, म्हणजे ऑस्प्रे. मनगटाशी मोडलेले पंख आणि डोळ्यावरचा पट्टा, दोन्ही तिचेच. समुद्री गरुडाचा चेहरा अख्खा पांढरा, शेपूट आखूड पाचरीसारखी आणि घिरट्या घालताना पंख द्रोणासारखे वर उचललेले. शिवाय तो मासा पाण्याच्या पृष्ठभागावरून उचलतो, असा अंग झोकून बुडी मारत नाही. मोरघार तुला नांदूरलाही दिसली असेल.

त्या दांड्यावरच्या थव्याचा फोटो मोठा करून बघितला. चिखल्याच, वाळूवरचे. पण मोठा की छोटा ते झोपलेल्या पक्ष्यावरून नाही सांगता येणार. मोठ्याची चोच लांब आणि दणकट, पाय लांब, रंगाने फिकट हिरवट. छोट्याची चोच आखूड, पाय काळपट. उडताना मोठ्याचे पाय शेपटीबाहेर डोकावतात. आणि छोट्याच्याही आता दोन जाती केल्यात, सायबेरियन आणि तिबेटी, म्हणजे डोकेदुखी दुप्पट. पुढच्या वेळी आधी पाय बघ.

आणि पाणचिरा शोध. नारिंगी चोच, खालची बाजू वरच्यापेक्षा लांब, तीच पाण्यात बुडवून रेघ ओढत उडतो. चंबळच्या वाळूत अंडी घालणारा हा पक्षी थंडीत नदीमुखांकडे येतो आणि काकीनाड्याची खाडी त्याच्या ठरलेल्या ठिकाणांपैकी आहे. जगात थोडेच उरलेत, संकटग्रस्त यादीत आहे.

नवखी:
काका, दुर्बीण कुठली घेऊ?

दुर्बीणकाका:
आठ बाय बेचाळीस. हलत्या नावेत दहापटीची घेतलीस तर फक्त पोटात ढवळेल.

पाणथळ:
धागा पक्ष्यांचा आहे, पण गाळाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

नांदूर मध्यमेश्वर हा मुळात इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. शंभरेक वर्षं तिथे गाळ साठत गेला, उथळ बेटं झाली, पाणवेली माजल्या. जलाशय म्हणून तो भरत गेला तसतसा पक्ष्यांना आवडत गेला. २०२० साली तो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाला. म्हणजे गोदेकाठींचं लहानपणचं वैभव हा अडवलेला गाळ.

आता नदीचं दुसरं टोक. धवळेश्वरमच्या खाली गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा अशी फुटते, तिथून समुद्रापर्यंतचा सगळा प्रदेश नदीने स्वतः आणून टाकलेला. काकीनाड्यासमोरचं होप बेटही तिच्याच वाळूचं, जेमतेम दोनशे वर्षांचं. त्याच्या आडोशाने आतली खाडी शांत राहते, म्हणून तिथे बारीक चिखल बसतो, चिखलात किडे, किड्यांवर तुमचे टिलवे. पण असा प्रदेश कधी बांधून पूर्ण होत नाही. ताजा गाळ स्वतःच्या वजनाने दबत जातो, कडेने समुद्र कुरतडत असतो, आणि नदी दर पुरात नवी भर घालते म्हणून तो तगतो. ती भर आता नाशकापासून पैठण, श्रीरामसागर करत वाटेत जागोजागी बसलीय. आपण वरच्या टोकाला ज्याचं कौतुक करतो तेच खालच्या टोकाला कमी पडतं.

नाशिकचा_शेकाट्या:
म्हणजे नांदूरचा बंधारा फोडायचा काय? आमचे शेकाटे कुठं जातील?

पाणथळ:
फोडा कोण म्हणतंय? नांदूरचा गाळ एकूण हिशोबात चिमूटभर. मोठ्या धरणांतून पुराच्या पहिल्या लोंढ्याबरोबर गाळ खाली सोडता येतो, काही देशांत सोडतात. आपल्याकडे गाळ म्हटलं की फक्त "काढायचा" एवढंच सुचतं.

नाशिकचा_शेकाट्या:
बरं. शांत झालो.

निवटी:
अवांतर: कोरिंगा हे कधीकाळी मोठं बंदर होतं. १७८९ मध्ये वादळाने झोडपलं, १८३९ मध्ये पुन्हा, आणि त्यानंतर ते कायमचं उठलंच नाही. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने घडवला तो हेन्री पिडिंग्टन, त्याने या १७८९ च्या वादळाचा अभ्यास केला होता. शब्द आला १८४८ मध्ये. आज तिथे मड अडवि, म्हणजे तेलुगूत खारफुटीचं रान, आणि त्यात मासेमार मांजर फिरतं.
आणि माझ्या नावाच्या माशाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, याचा निषेध.

गोदेकाठी:
सगळ्यांचे आभार. आजोबांची पाऊणकी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती, तिच्यापुढे "फक्त कोकण" असं लिहिलंय. पुढच्या थंडीत पुन्हा जाणार.

(अकरा महिन्यांनी)

गोदेकाठी:
धागा वर काढतेय. जाऊन आले.

या वेळी वेळापत्रक बघून दत्तजयंतीचा दिवस धरला. पौर्णिमा, उधाण, ओहोटी पावणेतीनची. सकाळी हॉटेलात लोळत पडले होते, पक्षी बघायला आलेल्या बाईने सकाळी दहापर्यंत झोपणं याचा अपराधीपणा अजून गेलेला नाही. मागच्याच नावाडीकाकांना गाठलं. त्यांनी ओळखलं, कारण मला बघून त्यांनी पहिलं बोट बुंध्याकडे केलं.

खाडीत पाणी होतं तोवर साडेअकराला निघालो. बेत असा की खाडीच्या तोंडापाशी जायचं, तास-दीड तास बघायचं आणि पाणी फार उतरायच्या आत फिरायचं. मी "अजून पाच मिनिटं" असं खुणेनं चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा काकांनी इंजिन सुरू केलं, नाव जागची हलली नाही. दीड वाजला होता. बांबू टोचून बघितला, मग काकांनी बांबू आडवा ठेवला, टॉवेल तोंडावर घेतला आणि आडवे झाले. पाणी परत येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

पाणथळ, तुमची आठवण काढली. नाव रुतली तो गाळ निफाडचा नसणार, तो तर बंधाऱ्यातच बसलाय.

पहिली वीस मिनिटं मी घाबरलेली. मग चिखल आमच्या चारी बाजूंनी उघडा पडत गेला आणि पाण्याची कड लांब सरकली. निवटी, तुमचे नातेवाईक आधी आले. कल्ल्यांशी गालफुगवे, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर कोपर टेकून रांगत. एकाने पाठीवरचा पडदा उभारला, दुसऱ्याने त्याच्यावर उडी घेतली, दोघे चिखलात लोळले. निषेध मागे घ्यावा.

मग टिलवे. पन्नासेक असतील, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालू. मग लाल पायाच्या तुताऱ्या. आणि मग एक कोरल नावेपासून जेमतेम पंधरा पावलांवर. तिची ती वाकडी चोच मी पुस्तकात बघितली होती, पण ती एवढी लांब असते हे पटलं नव्हतं. ती एका भोकापाशी थांबली, मान तिरकी करून चोच आत घातली, घालतच गेली, पार डोळ्यापर्यंत. तसंच अंग अर्धं फिरवलं. बाहेर काढली तेव्हा टोकाला खेकडा. तिने तो झटकला, एक पाय उडाला. पुन्हा झटकला, आणखी दोन. नांगी चिखलात पडली. मग उरलेलं गोल अंग डबक्यात बुचकळलं, चोच वर केली आणि तो खेकडा एवढ्या लांब चोचीतून उड्या मारत घशात गेला. धुऊन खाल्लं हो तिने! मी दुर्बीण खाली ठेवली होती, गरजच नव्हती.

रिकामा_कॅमेरा, माझा कॅमेरा पिशवीत राहिला. चेनचा आवाज होईल म्हणून काढलाच नाही.

तीनच्या पुढे पाणी वळलं. आवाज आधी येतो, चिखलातून बारीक चुरचुर. पक्षी कडेबरोबर मागे सरकत आमच्याकडे येत गेले, खाजणवाला म्हणाले होते अगदी तसे. सव्वातीनला पाणटिवळे, मोरशराटी दोन, आणि लांबच्या दांड्यावर सुरयांच्या घोळक्यात नारिंगी चोचींची एक ओळ. सहा पाणचिरे! नुसते बसलेले, रेघ काही ओढली नाही, पण सहा. चारला नाव आपोआप तरंगली. काका उठले, टॉवेल झटकला आणि म्हणाले, "नीळ्ळु." या वेळी कळलं.

खाजणवाला:
वा! रुतल्याशिवाय कोरल एवढी जवळ येत नाही. पण उतरत्या उधाणात नाव तोंडाशी नेऊन "अजून पाच मिनिटं" करणं धोक्याचं. रात्रीची ओहोटी असती तर? आणि पुढच्या दिवसांत भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी भरतीचे दिवस, लागला की दिवसेंदिवस पाणी कमी-कमी चढतं, फार वर रुतलेली नाव उधाणापर्यंत अडकून पडते.

गोदेकाठी:
मान्य. काकांनी धक्क्यावर उतरताना बोटांनी पाचाचा आकडा दाखवून बराच वेळ काहीतरी सुनावलं. भाषा येत नव्हती तेच बरं.

रिकामा_कॅमेरा:
चेनचा आवाज... दंडवत घ्या ताई.

निवटी:
निषेध मागे.

नवखी:
आठ बाय बेचाळीस घेतली. पुढच्या वेळी मला नेणार का?

दुर्बीणकाका:
फार छान लिहिलंस. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्या पद्धतीने आकडे ठेवलेस का? दहाचा एक गठ्ठा डोळ्यात बसवायचा आणि थव्यावर तसे किती गठ्ठे बसतात ते मोजायचं.

गोदेकाठी:
ठेवले काका. कोरल ४, लाल पायाच्या तुताऱ्या ३०, टिलवे १२० च्या आसपास, पाणटिवळे ६०, पाणचिरे ६, मोरशराटी २, मोरघार १. आणि वाळूवरचे चिखल्या ८०, सगळे जागे, नावेपासून वीस पावलांवर, तासभर.

दुर्बीणकाका:
अरे वा. मग मोठे की छोटे? पाय बघितलेस ना?

गोदेकाठी:
काका, पाय चिखलात होते.